जबड्याचा हिशोब

एप्रिल-मे आला की आकुर्डी-निगडीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांची परीक्षा लागते. बाहेरचा परीक्षक म्हणून माझ्यासारख्या निवृत्त टूलरूमवाल्याला बोलावणं येतं. चहा, सामोसा, मानधनाचा फॉर्म, आणि समोर एकामागून एक गट. सौरऊर्जेवर चालणारं गवत कापायचं यंत्र. दारूचा वास ओळखणारं हेल्मेट. रिकाम्या बाटल्या चेपायचं यंत्र. मग पुन्हा गवत कापायचं यंत्र, फक्त रंग वेगळा. पोरं हुशार असतात, विषय शिळा असतो. रिपोर्टाची निम्मी पानं आधीच्या बॅचकडून आलेली असतात. हे मला कळतं, गाइडला कळतं, आणि आम्हाला कळलंय हे पोरांनाही कळतं. तरी सगळे गंभीर चेहऱ्याने बसतात.

माझी सूचना साधी आहे, ऐकायला विचित्र वाटेल. या पोरांना जबडे द्या. वीस-बावीस कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या, पाठीवर हाडांचं चिलखत घेऊन हिंडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे जबडे. हा प्राणी खात काय होता, हा प्रश्न द्या. त्याचं उत्तर काढायला टेकू, भुजा, ताण, झीज हे सगळं लागतं, म्हणजे मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षापासून जे शिकवलं जातं तेच. आणि उत्तर मागच्या बॅचकडून मिळत नाही.

आकुर्डीच्या जमिनीत असलं काही सापडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. खंडोबा माळापासून रेल्वे स्टेशनपर्यंत कुठेही पाया खणा, काळा पाषाणच लागणार. तो दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. मी म्हणतो ते प्राणी त्याच्या साडेतेरा कोटी वर्षं आधीच संपले होते. पण मोटारीचं लोखंड तरी आकुर्डीच्या जमिनीत कुठे सापडतं? कच्चा माल बाहेरून येतो, आपण त्यावर काम करतो. या पट्ट्याचा सगळा इतिहास तोच आहे.

या प्राण्यांना एटोसॉर म्हणतात. मगरींच्या गोतावळ्यातले, ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धात जवळपास सगळ्या खंडांवर पसरलेले, ट्रायासिक संपला तसे नामशेष झालेले. चार पायांचे, रुंद, ठेंगणे. पाठीवर हाडांच्या ताटल्यांच्या चार रांगा, मधल्या दोन आणि कडेच्या दोन. प्रत्येक ताटलीची मागची कड तिच्या मागच्या ताटलीच्या पुढच्या कडेवर बसवलेली. डेस्माटोसुकस नावाचा एक साडेचार मीटरचा गडी तर खांद्यांवरून मोठे काटे बाहेर काढून चालायचा. संग्रहालयांत लोक फोटो काढतात ते या चिलखताचे. अभ्यासकही बरीच वर्षं त्यातच रमले, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एका प्राण्याच्या अंगावर ताटल्या ढीगभर, डोकं एकच. तेही लहान, पातळ हाडांचं, दगडाखाली चेपून जाणारं. ताटलीवरच्या खळग्यांची नि रेघांची नक्षी जातीगणिक वेगळी, त्यामुळे ताटलीवरून नाव ठेवता येतं. टायपोथोरॅक्स हे नाव अमेरिकेच्या एडवर्ड कोप यांनी १८७५ मध्ये दिलं. त्याच्या कवटीचं आणि दातांचं तपशीलवार वर्णन अ‍ॅरिझोनाच्या नमुन्यांवरून छापून आलं २०२० मध्ये.

नाव पाठीवरून मिळालं, पण पोट भरायचं काम तोंडाचं. आणि तोंड पाहायला गेलं की हे सगळे चिलखतवाले एकसारखे राहत नाहीत.

ठोकळ रचना सांगतो. शरीराच्या मानाने डोकं लहान. वरच्या जबड्याचं टोक बिनदातांचं, बऱ्याच जातींत पसरट आणि डुकराच्या नाकाडासारखं वर वळलेलं. खालच्या जबड्याचं टोकही बिनदातांचं, निमुळतं. त्यावर चोच असावी असा अंदाज. त्यामागे साधे, बुटके, पानाच्या किंवा सुळक्याच्या आकाराचे दात. स्कॉटलंडच्या स्टॅगोनोलेपिसवर अ‍ॅलिक वॉकर यांनी १९६१ मध्ये मोठा ग्रंथच लिहिला आणि चित्र पक्कं झालं: जमीन उकरून कंदमुळं खाणारा शाकाहारी. पुढची कित्येक वर्षं सगळ्या एटोसॉरांना हेच ताट वाढलं गेलं. मग २००२ मध्ये ब्रायन स्मॉल यांनी डेस्माटोसुकसची कवटी नव्याने तपासली आणि हे नाकाड किडे-अळ्या उकरायलाही चाललं असतं अशी शंका काढली. अर्जेंटिना-ब्राझीलच्या एटोसॉरॉइड्सचे दात मागे वळलेले निघाले. पाला खाणाऱ्याला असल्या दातांचा उपयोग नाही. ते धरून ठेवायला असतात, धडपडणारं काहीतरी.

आता हिशोबाकडे येतो. अडकित्त्यात सुपारी खिळीजवळ धरली की फुटते, टोकाकडे धरली की निसटते. जबड्याचं गणित त्याच जातीचं, फरक एवढाच की अडकित्त्याला जोर लावणारा हात टोकाला असतो आणि जबड्याला जोर लावणारा स्नायू सांध्याच्या जवळ बसलेला असतो. म्हणून जबड्यात जोर कायम थोडा वाया जातो, त्याच्या बदल्यात वेग मिळतो. स्नायूच्या ओढीचं सांध्यापासूनचं अंतर घ्या, त्याला चावणाऱ्या दाताच्या सांध्यापासूनच्या अंतराने भागा. आकडा मोठा आला तर चावा दमदार पण संथ, लहान आला तर चपळ पण हलका. अर्जेंटिनाच्या जुलिया देसोहो आणि सर्हियो विस्काइनो यांनी २००९ मध्ये निओएटोसॉरॉइड्स या एटोसॉरवर हाच हिशोब मांडला, शेजारी त्याचे उत्तरेकडचे भाऊबंद ठेवून. भाऊबंदांचा जबडा चिरडायला आणि चिरायला बरा निघाला. याचा मात्र कमजोर आणि चपळ. दातांवर झिजेच्या खुणाही नाहीत. त्यांचा निष्कर्ष, की हा मऊ भक्ष्यावर जगत असावा, अळ्यांसारख्या. चिलखत तेच, घराणं तेच, ताटातलं जेवण वेगळं.

आणखी एक माप आहे आणि ते मला फार आवडतं. सांधा दातांच्या रांगेच्या पातळीत आहे की वर-खाली? पातळीत असेल तर जबडा कात्रीच्या चालीने मिटतो, आधी मागचे दात भिडतात, मग पुढचे. सांधा रांगेपासून सरकलेला असेल तर सगळे दात साधारण एकाच वेळी भिडतात आणि मधलं खाणं चेपलं जातं. शेळीचा सांधा दातांच्या बराच वर असतो. एटोसॉरांचा खाली असतो. सांधा वर असो वा खाली, सरकलेपणाचा परिणाम तोच. कुत्र्याचा जवळपास पातळीत. एक फूटपट्टी आणि कवटीची एका बाजूची रेखाकृती एवढ्यावर ही गोष्ट कळते. टूलरूममध्ये उमेदवारी करणाऱ्या पोराला मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो, की आधी पिव्हट शोध, मग बाकीचं बोल.

चिलखतवाल्यांची दुसरी टोळी समुद्रात होती, तिला प्लॅकोडॉन्ट म्हणतात. प्लॅकोडसने पुढच्या दातांनी शिंपले खडकावरून उपटायचे आणि टाळूवरच्या सपाट, जाड दातांनी फोडायचे. त्याच टोळीतला हेनोडस जवळजवळ बिनदाती, तोंड चौकोनी. फ्रीडरिश फॉन ह्यूने या जर्मन पंडिताने १९३६ मध्ये त्याचं नाव ठेवलं. हेच ह्यूने काही वर्षांत आपल्या मालेरीच्या प्राण्यांवर लिहायला बसले. तिकडे येतोच.

मी मूळचा वरोऱ्याकडचा. आयटीआय करून इकडे आलो तेव्हा आकुर्डीत स्कूटरचा जमाना होता. पुतण्या नागपूरला हिस्लॉप कॉलेजात शिकला आणि त्याच्यामुळे मला कळलं की हे हिस्लॉप आमच्याच वर्धा खोऱ्यात दगड फोडत हिंडलेले. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ च्या सुमारास नागपुरात आले. शाळा काढली, गोंडी बोलीतलं साहित्य जमवलं आणि सोबती रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूरच्या आसपासचे खडक पिंजून काढले. चंद्रपूर भागातल्या मांगलीच्या तांबड्या दगडातून एक चपटी, रुंद कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं बारसं केलं. चिलखतवाला नव्हे, बेडकाच्या दूरच्या नात्यातला पाणप्राणी. पण कवटी ट्रायासिकची आणि मुलुख आमचा. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. आमच्याकडे लहानपणी कोणी हे सांगितलं नाही. मांगलीच्या शाळेत आज सांगतात का, हे एकदा जाऊन विचारायचं आहे.

प्राणहितेच्या पलीकडे, आता तेलंगणात, मालेरी गाव आहे. अलीकडे आपला सिरोंचा तालुका. नदीने राज्यं वेगळी केली, खडकांना ते माहीत नाही. मालेरीच्या तांबड्या मातीतून जे निघालं त्यात एका लांब तोंडाच्या, मगरीसारख्या, हाडांच्या ताटल्या ल्यालेल्या प्राण्याला पॅरासुकस हिस्लोपी असं नाव मिळालं. इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सली यांनी पॅरासुकस म्हटलं होतं, रिचर्ड लायडेकर यांनी १८८५ मध्ये पुढे हिस्लॉप यांचं नाव जोडलं. गंमत अशी, की ज्या हाडांवर हे नाव ठेवलं ती एका प्राण्याची नव्हतीच. भलत्याच प्राण्याचे तुकडेही त्यात मिसळलेले. टूलरूममध्ये दोन जॉबचे पार्ट एका ट्रेमध्ये गेले की जो गोंधळ होतो तो इथे शंभर वर्षांहून जास्त चालला. अखेर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणी-नामकरण आयोगाने कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधला चांगला सांगाडा या नावाचा प्रमाण नमुना ठरवला.

हा सांगाडा शंकर चॅटर्जी यांनी १९७८ मध्ये वर्णन केलेल्यांपैकी. मालेरीच्या खडकातून पॅरासुकसचे जवळपास पूर्ण सांगाडे जोडीने मिळाले, आणि त्यांच्या पोटाच्या जागी दुसऱ्या, लहान सरड्यासारख्या प्राण्याची हाडं. चॅटर्जी यांनी १९८० मध्ये त्या खाल्ल्या गेलेल्या प्राण्याला मालेरीसॉरस हे नाव दिलं. खाद्याचा असा थेट पुरावा फार दुर्मिळ. जबड्याच्या सगळ्या गणितापेक्षा पोटातलं एक हाड भारी, हे मी कबूल करतो. पण असं पोट सापडायला नशीब लागतं. बाकीच्यांसाठी गणितच करावं लागतं.

त्याच खडकातला हायपरोडापेडॉन हक्सलेयी पाहा. अंगावर चिलखत नाही, पण जबडा असा, की मला तो पाहिल्यावर आपण डाय बनवण्यात उगाच गर्व केला असं वाटलं. वरच्या जबड्यावर दातांच्या अनेक रांगांच्या रुंद पट्ट्या, त्यांत खोल खाच, आणि खालच्या जबड्याचं पातं बरोबर त्या खाचेत उतरणारं. शाकाहारी, चिवट वनस्पती कापणारा. पात्याचा आणि खाचेचा क्लिअरन्स किती, झीज कुठे जास्त, झिजेप्रमाणे फिट कसा टिकतो, यावर एक नाही चार प्रोजेक्ट होतील.

आणि आपला एटोसॉर? आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या धर्माराम थरांतून मिळालेल्या अवशेषांना कोलकात्याच्या आणि खरगपूरच्या संशोधकांनी २०२३ मध्ये व्हेंकटासुकस आर्मेटम असं नाव दिलं. पण ज्यावर नाव बेतलं ते पाठीच्या चिलखताचे जोडलेले पट्टे. पाठ मिळाली, तोंड नाही. तो नाकाडाने उकरत होता की पाला ओरबाडत होता, हे सांगायला जे लागतं तेच हातात नाही. अमेरिकेतल्या जवळच्या नातलगाच्या कवटीवरून अंदाज बांधावा म्हटलं, तर वर सांगितलेली अर्जेंटिनाची गोष्ट आडवी येते: भाऊबंदांचे जबडेही वेगळे निघतात.

ही अडचण मुद्दाम सांगतोय. नाहीतर कोणी म्हणेल, फोरमन निवृत्त झाला आणि सॉफ्टवेअरच्या नादी लागून सगळं सोपं समजायला लागला. सोपं नाहीच. रेव्हुएल्टोसॉरस नावाच्या प्राण्याला १९८९ मध्ये निव्वळ दातांवरून नाव मिळालं आणि तो सुरुवातीचा शाकाहारी डायनासोर ठरला. दात हुबेहूब तसेच. २००५ मध्ये सांगाडे हाती आले तेव्हा अंगावर ताटल्या निघाल्या, आणि हे डायनासोर नव्हे, मगरींच्या बाजूचं, एटोसॉरांच्या नात्यातलं जनावर आहे हे कळलं. एका पार्टवरून अख्खं ड्रॉइंग काढायचा मोह कोणाला होत नाही?

मग आमच्या पोरांनी यात काय करायचं? सांगतो.

स्कॉटलंडच्या एल्गिन गावाजवळच्या वाळूच्या दगडात स्टॅगोनोलेपिस सापडला. लुई अगासी यांनी १८४४ मध्ये नुसते खवल्यांचे ठसे पाहून त्याला मासा ठरवलं होतं. हाडं पाहून हक्सली यांनी ते खोडून काढलं. त्या दगडात पुष्कळदा हाड उरतच नाही. ते विरघळून जातं, मागे पोकळी राहते. अभ्यासक त्या पोकळीत ओतकाम करून हाडाचा आकार बाहेर काढत. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यभर मी दुसरं काय केलं होतं? आता तेही लागत नाही. त्याच दगडातल्या स्क्लेरोमोक्लस नावाच्या वीतभर प्राण्याच्या पोकळ्या सीटी स्कॅनने वाचून २०२२ मध्ये त्याचं नातं उडणाऱ्या टेरोसॉरांशी लावण्यात आलं. दगडातली पोकळी स्कॅनरवर शोधायची आणि तिचा त्रिमितीय आकार काढायचा. भोसरीपासून चाकणपर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगमधली पोरॉसिटी बघणाऱ्या माणसाला यात नवीन काय आहे? आपल्याकडे मापं घेणारी सीएमएम यंत्रं आहेत, स्कॅनर आहेत, मेशिंग करून मान दुखवून घेणारी शेकडो तरुण मुलं-मुली आहेत. गाडीच्या चॅसीवर जे फायनाइट एलिमेंटचं काम चालतं तेच पुढे निओएटोसॉरॉइड्सच्या कवटीवर झालं आहे.

आपल्या देशात याला आधार नाही असंही नाही. हे सगळे सांगाडे संख्याशास्त्राच्या संस्थेत का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यामुळे. त्यांनी १९२० च्या दशकात कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन माणसांच्या डोक्याच्या आणि अंगाच्या मापांचं विश्लेषण करून सुरुवात केली, आणि दोन गट एकमेकांपासून किती वेगळे हे अनेक मापं एकत्र धरून कसं सांगायचं याचं सूत्र १९३६ मध्ये मांडलं. महालनोबिस अंतर. क्वालिटी कंट्रोलमधल्या लोकांनी कान टवकारले असतील; जपान्यांनी हेच सूत्र तागुची यांच्या पद्धतीला जोडून कारखान्यांत नेलं. याच महालनोबिस यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना बोलावून आपल्या संस्थेत जीवाश्मांचा विभाग उभा केला. त्या विभागाच्या माणसांनी प्राणहिता-गोदावरीचं खोरं पालथं घातलं. खाल्ल्या गेलेल्या मालेरीसॉरसच्या जातीच्या नावात त्या रॉबिन्सन बाईंचंच नाव आहे. मापं घेणाऱ्या माणसाला हाडांचं वावडं नसतं, हे कोलकात्याला तेव्हा कळलं. संख्याशास्त्रवाल्यांनी डायनासोर उभा करून दाखवला. आम्ही गाड्या करणाऱ्यांनी निदान एक जबडा हलवून दाखवायला हरकत नाही.

माझा एक जुना सहकारी आहे, अजून कन्सल्टिंग करतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "अरे, पोरांना नोकरी लागायची मारामार आणि तू त्यांना मेलेल्या सरड्याच्या दाढा मोजायला लावतोस? रिझ्युमेवर काय लिहायचं त्यांनी?" मी म्हटलं, गवत कापायचं यंत्र लिहून किती जणांना लागली? तो हसला, पण पटलं नाही त्याला. त्याचं म्हणणं मी सोडून देत नाही. कर्ज काढून शिकवणाऱ्या बापाला मुलाच्या प्रोजेक्टात एटोसॉर दिसला तर तो घाबरणारच. पण मुलाखत घेणारा माणूस काय बघतो? मी अनेक वर्षं घेतल्या. दिलेलं ड्रॉइंग अपुरं असताना हा काय करतो, कोणती गोष्ट गृहीत धरतो, आणि गृहीत धरली हे त्याला माहीत आहे का. जीवाश्मापेक्षा अपुरं ड्रॉइंग जगात दुसरं नाही. स्नायू गेलेले, चोच गेलेली, हाड चेपलेलं, अर्धं हरवलेलं. स्नायूचा जोर तुम्हाला ठरवावा लागतो आणि का ठरवला ते सांगावं लागतं.

इथे एक ताकीद. सॉफ्टवेअरने लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचं चित्र दिलं की पोरांना वाटतं उत्तर आलं. चॅसीच्या बाबतीत खरी गाडी ठोकून बघता येते. एटोसॉर ठोकायला कुठून आणणार? त्याचे जिवंत नातलग मात्र आहेत. ग्रेगरी एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मगर-सुसरींच्या २३ जातींचा चावा प्रत्यक्ष यंत्रावर मोजला आणि २०१२ मध्ये आकडे छापले. सर्वांत मोठा चावा खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा, १६,४१४ न्यूटन, म्हणजे दीड टनाहून जास्त भार. त्याहून महत्त्वाचं असं, की चाव्याचा जोर मुख्यतः अंगाच्या आकारमानावर ठरतो, नाकाडाच्या लांबी-रुंदीचा त्यात फारसा हात नाही, असं त्यांना दिसलं. नाकाडाकडे बघून ठोकताळे बांधणाऱ्यांना ही थप्पड आहे, मलाही. म्हणून गणित आधी जिवंत प्राण्यावर जुळवायचं, मग मेलेल्याकडे जायचं.

मागण्या फार नाहीत. पहिली मागणी कॉलेजांकडे: विषयांची यादी लावताना यांत्रिकीच्या गटांपुढे चार-पाच कवट्या ठेवा, आणि एक गाइड भूशास्त्राचा घ्या, पुणे विद्यापीठ काही परदेशात नाही. दुसरी मागणी महापालिकेकडे. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ आपलं सायन्स पार्क आहे. शाळांच्या सहली तिथे येतात. तिथे हाताने चालवायचा एक मोठा जबडा करून ठेवा, स्नायूच्या जागी स्प्रिंग, सांधा वर-खाली सरकवता येईल असा. सांधा दातांच्या पातळीत आणला की कात्री होते, खाली नेला की चेपणी होते, हे पाचवीतल्या पोरीला स्वतःच्या हाताने कळेल. असला जबडा बनवायला बाहेरून कंत्राटदार आणायची गरज नाही. आकुर्डीतला कोणताही जुना फिटर महिन्याभरात करून देईल आणि बिलही वेळेवर मागेल. तिसरी मागणी राज्याकडे, आणि ती मी विदर्भातला म्हणून जास्त जोराने करतो. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. मूळ हाडं कोलकात्याला आहेत आणि मांगलीची कवटी लंडनला. ती परत मागत बसण्यात माझं आयुष्य जाईल. पण त्यांच्या त्रिमितीय प्रती मागता येतात, छापता येतात. मांगलीच्या शाळेत ब्रॅकिऑप्सची कवटी प्लॅस्टिकची का असेना, टेबलावर असावी. ती छापून द्यायचं काम आकुर्डीतल्या पोरांना द्या. प्रवासभाडं मी देतो, एका गटापुरतं.

सुरुवात कुठून करायची, असं परवा एका मुलीने विचारलं. मेकॅनिकल, तिसरं वर्ष, पुढच्या वर्षी प्रोजेक्ट. "सर, आम्हाला एटोसॉरची कवटी कुठून मिळणार?" मी म्हटलं, एटोसॉर राहू दे. आकुर्डीच्या बाजारातून बोकडाची मुंडी आण, मटणवाल्याला सांग की जबडा तोडू नकोस, अख्खी दे. मंद आचेवर उकळ, मांस सोडव, हाडं वाळव. सांध्यापासून शेवटच्या दाढेपर्यंत आणि सांध्यापासून स्नायू चिकटतो त्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोज. गुणोत्तर काढ. मग कुत्र्याच्या कवटीची मापं पुस्तकातून घे आणि दोन्ही शेजारी मांड. तेवढं नीट जमलं तर स्टॅगोनोलेपिसची छापील रेखाकृती देतो, वॉकर यांची.

तिने वहीत लिहून घेतलं. मुंडी होस्टेलच्या मेसमध्ये उकळायची नाही, एवढं मात्र मी बजावून सांगितलं. तिथली मावशी शाकाहारी आहे आणि तिचा चावा मोजलेला नाही.